घड्याळसाहेब आणि तीन जहाजं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, तुझे मामा फोनला खेटून बसतात. माझं अर्धं बोलणं तेच बोलून टाकतात आणि उरलेल्या अर्ध्याला उत्तरंही तेच देतात. आत्ता ते खाली धक्क्यावर थोरलीच्या खलाशांवर ओरडताहेत, म्हणजे मला दोन तासांची निश्चिंती. कचेरीच्या खिडकीपाशी बसून लिहितेय.

बंदर कचेरीचं पत्र आलंय. इथून माल नेणाऱ्या पाचही कंपन्यांची कार्यक्षमता मोजणार म्हणे. पहिल्या तीन कंपन्यांना आतला धक्का, उरलेल्या दोघींना बाहेरचा. बाहेरचा म्हणजे उघड्या समुद्राच्या तोंडाशी, लाटांचे धपाटे खात. मोठ्या कंपनीची सात जहाजं तिथं आरामात उभी राहतील. आपल्या तीन जहाजांना ते झेपायचं नाही. थोरली, मधली, धाकटी, तिघींचं मिळून वय माझ्याहून जास्त आहे. तशी वेळ आली तर तिघींना विकावं लागेल. पंचवीस माणसं घरी बसतील आणि सव्विसावे तुझे मामा. ते घरी बसले तर माझं काय होईल याचा विचार कर.

पण पत्राच्या तळाशी मोजणाऱ्या संस्थेचं नाव वाचलं आणि जीव भांड्यात पडला. ती तर तुझीच संस्था! ह्यांना म्हटलं, काळजी कशाला करता, घरचीच पट्टी आहे.

कधी येतेस? वरची खोली झाडून ठेवते.

तुझी,
मामी

◆

९ फेब्रुवारी

ती. मामी,

घरची पट्टी म्हणूनच ती चालत नाही. तुझं पत्र आलं त्याच सकाळी मी आमच्या बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं, यातली एक कंपनी माझ्या मामाची आहे. बाईंनी मला त्या कामातून काढलं. रागावू नकोस. मीच मोजलं असतं आणि तुमचा नंबर लागला असता, तर उरलेल्या कंपन्यांनी मामाकडे बोट दाखवलं असतं आणि मामाने ते बोट मोडलं असतं.

आणि लहान आहोत म्हणून हरू, ही भीती मनातून काढ. समज, दोन शिंपिणी आहेत. एकीला चार मीटर कापड दिलं, दुसरीला दहा. जास्त फ्रॉक कुणी शिवले एवढंच विचारलं तर दहा मीटरवालीच जिंकणार. आम्ही विचारतो, मिळालेल्या कापडातून कुणी किती काढले आणि कुणी किती चिंध्या केल्या. कापडाच्या जागी तुमचं तेल, माणसं आणि दिवस. फ्रॉकच्या जागी नेलेला माल आणि तो किती लांब नेला ते. बस, एवढंच शास्त्र आहे.

येणार आहेत ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. फार कडक आहेत. त्यांना बिनसाखरेचा चहा लागतो, पण कप काठोकाठ भरलेला. ऊन लागलं की डोकं दुखतं, टोपी मात्र हमखास विसरतात. तेवढी आठवण कर. खुर्ची पाठीची दे, स्टुलावर बसले की दोन दिवस वाकून चालतात. निळा शर्ट घातला असेल तर समज, त्या दिवशी मनासारखं काम झालंय. बाकी माझी त्यांची फारशी ओळख नाही.

मोजणीचे आकडे मला कळवू नकोस. तो नियम आहे. इतर काहीही कळव.

तुझी,
भिंगरी

◆

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझा माणूस आला. सातला येतो म्हणाला आणि सातला आला. आपल्या बंदरात असं प्रथमच घडलं. फाटकावरचा राखणदार एवढा दचकला की त्याने सलामच ठोकला.

ह्यांनी त्याचं नाव घड्याळसाहेब ठेवलंय. छातीवर एक घड्याळ लटकलेलं, मनगटावर दुसरं, हातात वही. जहाज धक्क्याला कधी लागलं, दोर कधी बांधले, क्रेनने पहिली फेरी कधी उचलली, शेवटची कधी, सगळं लिहितो. पहिल्या दिवशी मी चहा ठेवला तर पुटपुटला, "सहा मिनिटं." मी म्हटलं, "काय म्हणालात?" तर म्हणे, "काही नाही काकू, सवय आहे." दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटांत केला. उगाच आपल्या कंपनीला बट्टा नको.

ह्यांच्याशी बरं जमलंय त्याचं. बोलतो कमी, ऐकतो फार, आणि ह्यांना तसाच माणूस हवा असतो.

एक मात्र विचारते, खरं सांग. तुझा विषय निघाला की त्याची पेन्सिल थांबते. काल मी सहज म्हटलं, "आमची भाची तुमच्याच कचेरीत आहे ना?" तर "हो" म्हणाला आणि मालाचे बारा पेटारे मोजायचे विसरला. ते परत मोजावे लागले. तुमचं काही वाजलंय का?

तुझी,
मामी

◆

२० फेब्रुवारी

ती. मामी,

वाजलं वगैरे काही नाही. फारसं जमत नाही, एवढंच समज.

टोपी घालतो का?

भिंगरी

◆

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

टोपी घालतो. मीच रोज हातात देते.

तुमचं जमावं म्हणून मी मधे पडले. तुझ्या चांगल्या गोष्टी सांगायला घेतल्या. त्या लवकर संपल्या, मग बाकीच्या सांगितल्या. तू सहा वर्षांची असताना बोक्याला न्हाऊ घातलंस ते, दहावीच्या निकालादिवशी माळ्यावर लपून बसलीस ते, राग आला की बोलणं बंद करून कपाटं आवरायला घेतेस ते. सगळं मान खाली घालून ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, "मग कपाट आवरून झाल्यावर राग जातो का?" मला वाटतं तुझ्याविरुद्ध पुरावे गोळा करतोय. जपून राहा.

आता मनातलं लिहिते. हे आकडे नाहीत, माझं पाप आहे, म्हणून तुझा नियम मोडत नाही.

आपली जहाजं माल भरून झाल्यावरही सुटत नाहीत, अडकून राहतात. का, ते बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तुझ्या मामांना नाही. बावीस वर्षांपूर्वी मधलीच्या एका झाकणाची खिट्टी नीट बसली नव्हती. भर समुद्रात माल ठेवलेल्या कप्प्यात पाणी शिरलं. हे तेव्हा तिचे कप्तान. दोन दिवस, दोन रात्री पंप मारत जहाज किनाऱ्याला आणलं. माणसं सगळी वाचली. पण तेव्हापासून प्रत्येक खिट्टीवर ह्यांचा स्वतःचा हात फिरल्याशिवाय आपलं एकही जहाज सुटलेलं नाही. आधी पाऊण तासात व्हायचं. गेली चार वर्षं गुडघे साथ देत नाहीत. एक शिडी उतरायची, बसायचं, दम खायचा, चढायचं. तोवर भरती निघून जाते. मग पुढच्या भरतीची वाट बघा. खलाशी बिचारे पत्ते खेळतात आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. मालकाला कोण सांगणार?

आणि जहाजाच्या नोंदवहीत उशिराचं कारण लिहावं लागतं. ते कोण लिहितं? मी. चार वर्षं मी एकच शब्द लिहितेय, "हवामान".

काल घड्याळसाहेबाने त्या वह्या उघडल्या. शेजारी वेधशाळेचे कागद ठेवले. बोट ठेवत ठेवत खाली आला आणि म्हणाला, "काकू, या सगळ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं." मी हातातली बशी खाली ठेवली. मग त्याने अगदी हळू विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंत?"

खिडकीतून धाकटी दिसत होती. हे शिडीच्या मधल्या पायरीवर बसून घाम पुसत होते. मी नुसतं बोट दाखवलं.

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "लपवता येणार नाही मला."

मी काय करू गं?

मामी

◆

३ मार्च

ती. मामी,

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग "हवामान" आठवून हसू आलं, मग परत रडू.

पण तो खरं बोलला. त्याला लपवता येणार नाही आणि त्याने लपवावं असं मलाही वाटत नाही. लपवणारा असता तर... ते जाऊ दे. मामाला तू सांग. कागदावर वाचण्याआधी घरच्या माणसाकडून कळलेलं बरं. मामा ओरडेल, ताट सरकवेल, पण दुसऱ्या दिवशी भूक लागेलच की.

मला इथून काही करता येत नाही. टेबलावर हात ठेवून बसलेय. कपाट आवरून झालं.

भिंगरी

◆

१४ मार्च

चि. भिंगरीस,

अकरा दिवस उत्तर नाही म्हणून घाबरली असशील. लिहायला सवड नव्हती आणि नंतर हसण्यातून सुटका नव्हती.

तुझं पत्र आल्यावर मी रोज ठरवत होते, आज सांगते, आज सांगते. जीभ उचलेना. घड्याळसाहेबाला म्हटलं, चार दिवस दे. तो म्हणाला, "घ्या. तेवढ्यात मी एक करून बघतो." आणि सरळ ह्यांच्याकडे जाऊन म्हणाला, "कप्तानसाहेब, मला खिट्ट्या तपासायला शिकवा."

ह्यांना काय, उसाच्या फडात हत्ती! बावीस वर्षांत कुणी शिकव म्हणालंच नव्हतं. चार दिवस दोघं जहाजाच्या पोटात. "डोळ्याने बघू नकोस, अंगठ्याने बघ. बसलेली खिट्टी अंगठ्याला गार लागते, न बसलेली हलते." तो शर्ट काळा करून वर यायचा आणि हे त्याच्या पाठीवर थाप मारायचे, बरं जोरात. पाचव्या दिवशी थोरली भरून झाली तेव्हा त्याने गळ्यातलं घड्याळ काढून ह्यांच्या गळ्यात घातलं, मोजणीचा कागद हातात दिला आणि म्हणाला, "आज मी तपासतो, तुम्ही मोजा. नंतर एक खिट्टी सोडून एक तपासून माझी चूक काढा."

चूक एकही निघाली नाही. लागली पन्नास मिनिटं. हे पन्नास लिहायला गेले आणि वरच्या ओळींवर नजर गेली. सगळ्या ओळी एकाच रकान्यात. "वाट पाहणे: नऊ तास. कारण: मालक." "वाट पाहणे: दहा तास. कारण: मालक."

मी कचेरीतून बघत होते. हे कागद हातात धरून उभेच्या उभे. दुपारी जेवायला आले, कागद ताटाशेजारी ठेवला. भात निवून गेला. मी म्हटलं, आता ताट सरकवणार. तेवढ्यात मान वर करून मला म्हणाले, "सगळा उशीर माझा होता, तर चार वर्षं त्या हवामानाचं नाव का गं खराब केलंस?"

मी रडायच्या तयारीत होते आणि हसूच फुटलं. मग हेही हसले. इतके हसले की ठसका लागला आणि घड्याळसाहेबाला पाठ चोळावी लागली.

हात धुता धुता ह्यांनाच सुचलं. "एक कप्पा भरला की त्याचं झाकण लागतंच. मग तिथल्या तिथे तपासायचं सोडून मी सगळं शेवटाला कशाला ठेवतो?" बावीस वर्षांत न सुचलेली गोष्ट हात पुसायच्या आत सुचली. आता तिन्ही जहाजांवर दोन-दोन माणसं शिकवून तयार केलीत. हे डेकवर खुर्ची टाकून बसतात आणि परीक्षा घेतात. गेल्या तीन खेपांना एकही भरती चुकली नाही.

पण ह्यांनीही त्याला पेचात टाकलं हं. विचारलं, "बाळ, तू माल चढवताना मोजतोस. पलीकडे उतरवताना त्यातला कोरडा, धड किती उतरला, ते कोण मोजतं?" पेन्सिल थांबली! त्याने त्याच दुपारी तुमच्या बाईंना लिहिलं. आता पाचही कंपन्यांकडे पोचलेल्या मालाच्या पावत्या मागितल्यात. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाला. मोठ्या कंपनीच्या कचेरीत कालपासून दारं आपटताहेत.

भिंगरे, असा मुलगा हातचा जाऊ देणं बरं नाही. तुमचं जमत नाही, ते असो. पण आपल्या टगबोटीची कप्तान आहे ना, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावते ती? तिशीची, हसरी, दोरखंड फेकला तर नेमका खुंट्यावर. रविवारी दोघांना जेवायला बोलावलंय. बघू या.

तुझी,
मामी

◆

१७ मार्च

मामी,

थांब. रविवारचं जेवण रद्द कर. त्याला ताप आलाय म्हण, तुला आलाय म्हण, काहीही म्हण.

मी खोटं लिहिलं होतं. आमचं जमत नाही असं मुळीच नाही. दोन वर्षं शेजारी बसतोय. तो सकाळी आला नाही तर मला बेरजा जमत नाहीत. तो निळा शर्ट घालून आला की माझाही दिवस बरा जातो. त्याला यातलं काही माहीत नाही आणि मला ते सांगायचं धाडस नाही. आता तुझी ती दोरखंडवाली!

फोन केला तर मामाच बोलेल, म्हणून पाकीट घेऊन पोस्टात धावतेय. मामाला सांगू नकोस.

तुझी मूर्ख,
भिंगरी

◆

रविवार, १८ मार्च

चि. भिंगरीस,

जेवण झालं आणि फसलं. टगवाली आली, मनापासून जेवली, घड्याळसाहेबाशी इंजिनांवर बोलली आणि मला डोळा मारून निघून गेली. कशासाठी, ते कळलं नाही.

ती गेल्यावर मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "काय रे, मुलगी कशी वाटली?" आता त्याला मी अरेतुरेच करते. तो ताटं उचलत होता. म्हणाला, "काकू, छान आहे. पण माझं मन एका ठिकाणी बसलंय."

"मग सांगायचंस की! तिकडून काय म्हणतात?"

"तिला अजून माहीत नाही."

"का रे? तोंड दिलंय ना देवाने?"

तर म्हणतो, "या पाच कंपन्यांपैकी एका कंपनीच्या घरातली आहे ती. अहवालावर शिक्का बसेपर्यंत मी तिला काही विचारलं, तर माझा एकही आकडा कुणी खरा मानणार नाही. आणि तो आकडा तिच्या माणसांच्या फार कामाचा आहे."

ऐकलंस? सरळ माणूस गं. पण माझं काळीज धसकलं. कोण असेल? मला वाटतं मोठ्या कंपनीची मुलगी. सात जहाजांचं घर, तिथंच कुठेतरी चहा-पाणी झालं असणार. ह्यांना म्हटलं तर हे नुसते कपाळावर हात मारून घेताहेत. त्यांनाही वाईट वाटलं असणार.

तो बुधवारी निघतोय. डबा देईन बरोबर.

तुझी,
मामी

◆

२६ मार्च

मामी!

मोठ्या कंपनीच्या मालकाला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत, दोघांचीही लग्नं झालीत. मी चौकशी केली. दुसऱ्या कंपनीचे मालक ब्रह्मचारी, तिसरीच्या मालकिणीची नात बालवाडीत, चौथी सरकारी. आता मोज तूच.

तुझं रविवारचं पत्र मला बुधवारी मिळालं. तीनदा वाचलं आणि जिन्यात जाऊन बसले, कारण टेबलापाशी बसवेना. गुरुवारी तो आला. "प्रवास बरा झाला?" "बरा झाला." बस. दोघांनाही एकमेकांकडे बघायची चोरी. तो अहवाल लिहीत होता आणि मी तिसऱ्याच कसल्या तरी कागदावर एकच ओळ पुसून पुसून लिहीत होते.

आज सकाळी सव्वाअकराला बाई स्वतः शिक्का मारलेला कागद घेऊन बाहेर आल्या. तो उठून उभा राहिला. माझ्या टेबलापर्यंत चार पावलं आहेत, ती तो दोनदा चालला. अर्ध्यातून परत गेला आणि पुन्हा आला.

"आता बोलायला हरकत नाही," म्हणाला.

"कशाबद्दल?"

"तुझ्या मामींना सांगितलंय मी. त्यांनी तुला कळवलं असेल."

"मामीने मला कळवलंय की तुझं मन मोठ्या कंपनीच्या मुलीवर बसलंय."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काय? अगं, तू! तुझ्याशी लग्न करायचंय मला!" हे एवढ्या मोठ्याने म्हणाला की पलीकडचा छपाईयंत्रवाला यंत्र बंद करून बघायला लागला.

मी दोन वर्षं मनात सुंदर सुंदर उत्तरं घोळवली होती. तोंडातून निघालं, "चालेल." जणू कुणी रजेचा अर्ज पुढे केलाय.

बाई हसत सुटल्या. कळलं ते असं, की फेब्रुवारीत ज्या दिवशी मी सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन मामाचं सांगितलं, त्याच दुपारी हाही गेला होता. "त्या कंपनीच्या मालकांची भाची मला आवडते, मला पाठवू नका," म्हणाला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. म्हणून बाईंनी त्याला पाठवलं आणि त्याचे सगळे कागद कंपन्यांची नावं झाकून दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घेतले. एक आकडा बदलला नाही. आम्हाला दोघांनाही त्या काही बोलल्या नाहीत. "मोजणाऱ्या माणसांना समोरचं दिसत नाही, हे मला बघायचं होतं," म्हणाल्या.

आणि आता नियम संपला, म्हणून ऐक. तुमचा नंबर तिसरा! आतला धक्का तुमचा. पोचलेला कोरडा माल मोजला तेव्हा तुमचं एकही पोतं भिजलेलं निघालं नाही. तुमचा उशीरही त्याने अहवालात स्पष्ट लिहिलाय. कारणाच्या जागी "मालक", आणि त्यापुढे "कारण मालकांनी स्वतः दूर केले".

मामाला सांग. दोन्ही गोष्टी सांग.

तुझी,
भिंगरी

◆

३० मार्च

अगं ए भिंगरे,

तुझं सतरा तारखेचं पत्र जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी मिळालं आणि मी तिथंच, कचेरीच्या पायरीवर, फतकल मारून बसले. शेजारी माझंच आदल्या दिवशीचं, मोठ्या कंपनीच्या मुलीचं पत्र पोस्टाच्या पेटीत पडलेलं. पेटीत हात घालून बघितला, पोचला नाही. मग बुधवारपर्यंत तो समोर वावरत होता आणि मी तोंडात गूळ धरून बसले होते. तुझं गुपित तुझ्या तोंडूनच त्याला कळावं, म्हणून. या वयात केवढा संयम! डबा मात्र चारजणांचा दिला.

ह्यांना विचारलं तर म्हणतात, त्यांना रविवारीच कळलं होतं. टगवालीकडे माफी मागायला गेले तर तीही हसतेय. "काकू, तुमच्या भाचीचं पाकीट कपाटावर होतं, तो जेवताना सारखा तिकडेच बघत होता." म्हणजे साऱ्या बंदरात एकटी मीच आंधळी. असू दे. तुला म्हणून सांगते, मला या आंधळेपणात फार सुख मिळालं.

तुझं काल आलेलं पत्र मी धक्क्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं. "तिसरा" म्हटल्यावर खलाशांनी भोंगा वाजवला, "चालेल" म्हटल्यावर तिन्ही जहाजांनी वाजवला. बंदर कचेरीचा शिपाई धावत आला, आग लागली का म्हणून. हे मात्र खूश नाहीत हं. "तिसरा म्हणजे काय? पुढच्या वर्षी पहिले." गेल्या महिन्यात बाहेर फेकले जायची वेळ आली होती, ते विसरले.

आज थोरली दहा वाजून वीस मिनिटांनी सुटली. टगवालीने तिला वळवून दिलं आणि ती भरतीवर अशी गेली, जणू माहेरी निघालीय. हे धक्क्यावर उभे. दोर सुटले, पाणी मोकळं झालं, माणसं आपापल्या कामाला लागली. हे वळून मला म्हणाले, "अगं, आता मी काय करू?" अख्खा दिवस समोर पडलेला, आणि ह्यांना काही काम नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "चला, मुलीकडे जाऊन येऊ."

पुढच्या शनिवारी सकाळी येतोय. त्याच्या घरच्यांना भेटू. तुझ्या बाईंनाही भेटेन, मला त्यांच्याशी बोलायचंय. आत्ता बाजारात निघतोय, तुझ्यासाठी काय घ्यायचं यावर आमचं अजून एकमत नाही. हे बूट घालून जिन्याखाली उभे आहेत आणि मला हाकांवर हाका मारताहेत, किती वेळ लावतेस, किती वेळ लावतेस.

थांबू देत जरा. मी सावकाश नाव घालून पाकीट चिकटवतेय.

तुझी,
मामी